बेलवलकर, काकाजी आणि अमीनाचा चिमटा

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील एक ज्येष्ठ सहकारी वयाची ५८ वर्षे पूर्ण करून निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला. हार, शाल आणि भिंतीवरचे घड्याळ देऊन झाले. ज्या माणसाला उद्यापासून घंटेकडे लक्ष द्यायचे नाही त्याला आपण घड्याळच का देतो, हे कोडे आम्हाला अजून उलगडलेले नाही. त्यानंतर शेजारच्या मराठी शाळेतून आलेल्या एका पाहुण्या गुरुजींनी 'नटसम्राट'मधील स्वगत म्हटले. आवाज खणखणीत होता. सभागृह स्तब्ध झाले, पुढच्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नीने ओढणीने डोळे पुसले. सर मात्र ओशाळल्यासारखे हसत होते. प्रकृती ठणठणीत, मुलगा सुस्वभावी, सून आदबीने वागणारी, घरी दोन नातवंडे. तरीही घरी पोचण्याच्या आधीच आम्ही सर्वांनी मिळून त्यांना रस्त्यावर आणून बसवले होते.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. म्हातारपण म्हटले की आम्हाला एवढेच का आठवते? माणूस वयाबरोबर सावकाश होतो, थोडक्यात भागवायला शिकतो, घराच्या उबेत रमतो, हेही जीवनात घडते. मग ते साहित्यात आम्हाला का सापडत नाही? की ते आहे आणि आम्हीच नीट वाचलेले नाही? प्रस्तुत लेखात आम्ही काही परिचित कृती या एका प्रश्नाच्या उजेडात पुन्हा वाचून पाहणार आहोत.

प्रथम 'नटसम्राट'च. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक २३ डिसेंबर १९७० रोजी डॉ. श्रीराम लागूंच्या भूमिकेने रंगभूमीवर आले. १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १ जानेवारी २०१६ रोजी नाना पाटेकरांचा चित्रपट आल्यावर नव्या पिढीलाही ते माहीत झाले. शेक्सपिअरच्या किंग लिअरची छाया त्यावर आहे हे सर्वज्ञात आहे. निवृत्त नट गणपतराव बेलवलकर आपले सर्व काही मुलगा नंदा आणि मुलगी नलिनी यांना वाटून टाकतात, दोन्ही घरांतून अपमानित होतात, पत्नी कावेरी जाते आणि अखेर एक बूटपॉलिशवाला मुलगा त्यांना आधार देतो. मराठी माणसाने हे नाटक 'मुले कृतघ्न असतात' या एका वाक्यात साठवून ठेवले आहे. आमच्या मते हा नाटकावर अन्याय आहे. शिरवाडकरांनी अप्पांना निर्दोष केलेले नाही. अप्पा रंगमंच सोडतात, पण रंगमंच अप्पांना सोडत नाही. मुलाच्या छोट्या घरातही त्यांना सम्राटच राहायचे आहे. संपत्ती वाटतानासुद्धा ते बाप म्हणून वाटत नाहीत, राजा म्हणून वाटतात. नात ठमी हा त्यांचा खरा आनंद. पण तिच्या जगात ते आपला मोठा आवाज घेऊनच शिरतात. मुलांचा दोष आहेच, तो कोणी नाकारू नये. पण वय झाले की भूमिका बदलते आणि ती बदललेली भूमिका शिकावी लागते, हे या थोर नटाला उमगत नाही. शोकांतिकेचे अर्धे बीज तिथे आहे.

पुढे २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा केंद्रीय कायदा झाला. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, या कायद्याने परत मागता येते. अप्पासाहेबांनी मात्र कसलीही अट न घालता दिले होते! आणि समजा घातली असती, तरी कायद्याने खोली मिळाली असती, पोटगी मिळाली असती. त्या खोलीत स्वस्थ बसण्याची कला कोणत्या कोर्टातून मिळणार होती?

जयवंत दळवींचे 'संध्याछाया' याहून हळू आवाजातले आहे आणि म्हणून अधिक झोंबते. नाना आणि नानी, एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. इथे कोणी कृतघ्न म्हणून ओरडत नाही. घरात फक्त वाट पाहिली जाते. पत्राची, फोनची, पावलांची. दळवींनी जे घर दाखवले ते आज आमच्या यवतमाळमध्येही आहे. मुलगा पुण्याला असतो, नाहीतर आखातात, आणि संध्याकाळी म्हातारा-म्हातारी मोबाइल समोर ठेवून बसलेली असतात. पण नाना-नानींना एकमेकांशिवाय शेजार नाही, मोहल्ला नाही, आजचा म्हणून काही उद्योग नाही. त्यांचे प्रत्येक सुख दुसऱ्या कोणाच्या येण्यावर टांगलेले आहे. ते येणे थांबले की त्यांच्यापुढे मरणाशिवाय वाट उरत नाही. दळवींनी खोटे काही लिहिले नाही. आमची तक्रार दळवींविषयी नाही. आमची तक्रार आमच्याविषयी आहे, की म्हातारपणाची हीच दोन चित्रे आम्ही घरोघरी टांगली.

वास्तविक मराठीत तिसरे चित्रही आहे आणि ते या दोन्हींपेक्षा जुने आहे. पु. ल. देशपांडे यांचे 'तुझे आहे तुजपाशी' १९५७ सालचे. इंदूरच्या देवासकरांच्या वाड्यात त्यागमूर्ती आचार्य मुक्कामाला येतात आणि सारे घर त्यांच्या व्रतवैकल्यांत अडकते. एका बाजूला हे आचार्य आणि दुसऱ्या बाजूला काकाजी. तरुणपणी शिकार केलेला, मैफली ऐकलेला हा म्हातारा आता निवांत आहे. गेलेल्या दिवसांबद्दल त्याच्या मनात हळहळ नाही, येणाऱ्या दिवसांची भीती नाही. तरुणांवर तो प्रेम करतो, पण त्यांच्यावर राज्य करू पाहत नाही. शेवटी आचार्य त्याच्याच जवळ मन मोकळे करतात आणि काकाजी जिंकल्याचा आव न आणता ऐकून घेतो. वयाबरोबर आलेला बदल हसतमुखाने स्वीकारणारा असा दुसरा म्हातारा मराठी रंगभूमीवर आम्हाला आठवत नाही.

इथे आमच्या वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. काकाजीची मराठी इंदुरी आहे. तिच्यात हिंदी-उर्दू शब्द साखरेसारखे विरघळले आहेत. मराठी नाटककाराला फुरसतीचा, मौजेचा, दिलदार म्हातारा उभा करायचा झाला तेव्हा त्याने त्याच्या तोंडी ही मिश्र बोली दिली, हे आम्हाला योगायोगाचे वाटत नाही. ज्या भाषेत आमच्या घरी 'आराम से', 'इत्मीनान से' असे शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारले जातात, त्या भाषेत सावकाशीला एक प्रतिष्ठा आहे. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत राहणाऱ्या आम्हा लोकांना काकाजी म्हणूनच घरचा वाटतो.

पण घरचा वाटला तरी तो आमच्या घरात मावत नाही. काकाजीची फुरसत पिढीजात वाड्याच्या पायावर उभी आहे. उद्याच्या पिठाची चिंता त्याला नाही. यवतमाळच्या साध्या वस्तीतून हे नाटक वाचताना मनात येते, की हे सुख वारशाने मिळत असेल तर ज्यांना वारसा नाही त्यांनी काय करावे?

हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात पुस्तकी नाही. यवतमाळहून दारव्हा-कारंजामार्गे मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने कापूस वाहून नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी हा अडीच फुटी रूळ टाकला. सुमारे ११३ किलोमीटरचा मार्ग. १९९४ साली वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले आणि आता ती गाडीच बंद आहे. तिच्यावर किती हळवे लिहिले जाते! ती हळू चाले, खिडकीतून शेते दिसत, माणसे गप्पा मारत, वगैरे. सर्व खरे. पण ज्याच्या खिशात एसटीचे पैसे होते तो एसटीनेच जात असे. शकुंतलेत बसत ते बहुतांशी ज्यांना दुसरे तिकीट परवडत नसे ते. हळू चालणे ही काहींची निवड असते आणि काहींची लाचारी. हा भेद न करता 'जीवन सावकाश जगावे' असा उपदेश करणारे लेखन आम्हाला पोकळ वाटते. कापसाच्या रानात साठी उलटलेली बाई ओट्यात बोंडे वेचत असते. तिला कोणी निरोप समारंभ करत नाही, कारण ती निवृत्तच होत नाही.

आणि दूर कशाला जावे? आम्ही स्वतः ३८ वर्षांचे आहोत. बी.एड. करून नोकरीला लागलो ते नोव्हेंबर २००५ नंतर. म्हणजे ज्यांना जुनी पेन्शन नाही त्या पिढीतले. आमच्या निवृत्त सरांना ती आहे. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवर नवी एकीकृत योजना मान्य केली. शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर हाच विषय निघतो. तेव्हा निवांत म्हातारपण ही वृत्तीची गोष्ट आहे तशी व्यवस्थेचीही आहे, हे आम्ही विसरू शकत नाही.

मग पेन्शनची खात्री नसलेल्या माणसाचे म्हातारपण कसे असावे? याचे उत्तर आम्हाला अनपेक्षित जागी सापडले, ते म्हणजे मिर्झा गालिबच्या पत्रांत. गालिबच्या गझलांचे मराठीत पुष्कळ कौतुक झाले आहे, पत्रांकडे मात्र कमी लक्ष गेले. वास्तविक उर्दू गद्याला बोलके करणारी ही पत्रे त्याच्या उतारवयातली आहेत. 'ऊद-ए-हिंदी' हा पहिला संग्रह १८६८ मध्ये निघाला, 'उर्दू-ए-मुअल्ला' १८६९ मध्ये, आणि त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला गालिब वारला. पेन्शनचे दुखणे तर त्याला जन्मभर पुरले. महिना साडेबासष्ट रुपयांच्या त्या रकमेत वाढ मिळावी म्हणून तो १८२८ मध्ये कलकत्त्यापर्यंत जाऊन आला, पण वाढ मिळाली नाही. १८५७ नंतर आहे तीही बंद झाली, ती १८६० मध्ये सुरू झाली. मधल्या काळात रामपूरच्या नवाबाने १८५९ पासून दरमहा शंभर रुपये लावून दिले म्हणून चूल पेटली. सात मुले झाली, सातही लहानपणीच गेली. पत्नीचा भाचा आरिफ मुलासारखा मानला, तो १८५२ मध्ये वारला. त्याची दोन लहान मुले गालिबने घरी आणून वाढवली.

याच मुलांविषयी त्याने आपल्या तफ्ता या शिष्याला लिहिले आहे. मुले त्याला धड जेवू देत नाहीत, दुपारी झोपू देत नाहीत, अनवाणी पायांनी पलंगावर चढतात, पाणी सांडतात, धूळ उडवतात आणि तो वैतागत नाही. आम्ही हा मजकूर वाचला तेव्हा क्षणभर बेलवलकर आणि ठमी डोळ्यांसमोर आली. अप्पा नातीच्या जगात सम्राट होऊन जातात. गालिब मुलांना आपल्या पलंगावर धुळीच्या पायांनी येऊ देतो. उर्दूचा खरा सम्राट तर तोच होता! पुढे ऐकू येईनासे झाले तेव्हा भेटायला येणारे कागदावर लिहून देत आणि तो उत्तर देई. शरीराच्या कुरबुरी त्याने पत्रांत भरभरून लिहिल्या आहेत, आणि आंब्यांवरचे प्रेमही तितकेच भरभरून. म्हातारपण स्वीकारणे म्हणजे मुकाट सोसणे नव्हे, हे गालिबकडून शिकावे. तो कुरकुरतो, उसने मागतो, हसतो, आणि ज्याला पत्र लिहितो त्याला जणू पलंगाजवळ बसवून घेतो. नाना-नानी पत्राची वाट पाहत बसतात. गालिब स्वतः पत्र लिहितो. आमच्या मते फरक इथे आहे.

तरीही गालिब हा गालिब आहे. सामान्य घराचे काय? तिथे आम्हाला प्रेमचंदांच्या 'ईदगाह'कडे यावे लागते. ही कथा आम्ही वर्गात दरवर्षी वाचून दाखवतो. चार-पाच वर्षांचा पोरका हामिद, त्याची दादी अमीना. ईदच्या दिवशी घरात एकूण आठ पैसे. तीन हामिदच्या खिशात, पाच अमीनाच्या बटव्यात. बाकीची मुले मातीची खेळणी आणि मिठाई घेतात आणि हामिद तीन पैशांत लोखंडी चिमटा घेऊन येतो, कारण रोट्या शेकताना दादीची बोटे भाजतात. अमीना आधी रागावते आणि मग लहान मुलीसारखी रडू लागते. या कथेवर जे जे लिहिले जाते ते हामिदच्या त्यागावर. आम्हीही कित्येक वर्षे तेच शिकवत आलो. पण अमीनाच्या बाजूने पाहिले तर कथा वेगळी दिसते. अमीना शिवणकाम करते, ती कोणावर भार नाही, निवृत्त होण्याची ऐपतही तिला नाही. तिला काय मिळते? वाडा नाही, पेन्शन नाही, दयाही नाही. तिला एक चिमटा मिळतो. उद्या ती रोट्या शेकेलच, पण बोटे भाजणार नाहीत. तिचे काम कोणी काढून घेतलेले नाही, तिच्या वयाला सोपे करून दिले आहे. कोणीतरी तिच्या हातांकडे नीट पाहिले होते, म्हणून हे घडले. आणि तिने तो चिमटा घेतला, हेही तितकेच मोठे. घेणे सोपे नसते.

ते किती अवघड असते हे आम्ही घरी पाहिले. आमच्या अब्बांचे गुडघे गेले तेव्हा मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढायला ते दोन वर्षे तयार नव्हते. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून, अशी सवलत शरीअतने दिलेली आहे. जईफाला रोजा झेपत नसेल तर फिदियाची सोय आहे. हे सर्व अब्बांनीच आम्हाला लहानपणी शिकवले होते. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा शेवटच्या रांगेतली खुर्ची त्यांना हार वाटत होती. सज्द्यातून उठताना भिंतीचा आधार घेत, ओठ आवळत. "अब्बा, खुर्ची घ्या ना," म्हटले की म्हणत, "अजून तेवढा म्हातारा झालो नाही." एका शुक्रवारी त्यांच्याहून लहान असलेल्या एका शेजाऱ्याने काही न बोलता स्वतः खुर्ची घेतली आणि शेजारची त्यांच्याकडे सरकवली. ते बसले. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "आज दुआ मांगायला फुरसत मिळाली. नाहीतर सगळे लक्ष गुडघ्यात असायचे."

आई-वडील तुमच्यासमोर म्हातारे झाले तर त्यांना 'उफ'सुद्धा म्हणू नका, हा कुरआनचा हुकूम आम्ही मुलांना पाठ करून देतो आणि दिलाच पाहिजे. पण मुलांचे कर्तव्य सांगून झाले की आम्ही थांबतो. म्हातारे होणाऱ्या माणसाचेही एक शिक्षण असते, ते कोणी द्यायचे? आमच्या मते हे काम साहित्याचे आहे. उपदेशाने ते होत नाही. खुर्ची सरकवणारा माणूस दाखवल्याने होते.

येथे आम्हाला आपल्या घरातल्या लेखनाविषयी दोन शब्द बोलावेसे वाटतात. सोलापूरला १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला आता तीन तपांचा काळ होऊन गेला. या काळात आमच्या लेखक-कवींनी ओळखीचा प्रश्न, दंगली, दारिद्र्य, तलाक, शिक्षण यांवर लिहिले. ते लिहिणे आवश्यक होते, आजही आहे. पण आमच्या वाचनात जे आले त्यात म्हातारी माणसे दोनच कामांसाठी येतात. एक तर ती सोसतात, नाहीतर ती सुधारणेला आडवी येतात. दादी कथेत येते ती तसबीह ओढत नातीची शाळा बंद करण्यासाठी! अशा दाद्या आहेत, नाही असे नाही. पण नातीचे दप्तर स्वतः शिवून देणारी, टीव्हीवरची बातमी नातवाकडून मराठीतून समजून घेणारी, पहाटेच्या नमाजनंतर कोंबड्यांना दाणे टाकत अर्धा तास नुसती बसून राहणारी दादी आमच्या मोहल्ल्यात असूनही कथेत नाही. सतत जळणाऱ्या प्रश्नांना उत्तर देण्यात आमचे साहित्य इतके गुंतले, की घरातल्या उबेवर लिहिणे ही त्याला चैन वाटू लागली. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या समाजाला नेहमी बाहेरून पाहिले जाते, त्याने आपल्या ओसरीवरचा निवांतपणा लिहून ठेवणे हेही साक्ष देण्यासारखेच आहे.

यावर्षीही आमच्या शाळेत एक निवृत्ती आहे. या वेळी स्वगताऐवजी 'ईदगाह'ची शेवटची दोन पाने वाचावीत आणि घड्याळाऐवजी दुसरे काहीतरी द्यावे, असे आम्ही सुचवले. गेल्या आठवड्यात वर्गात विचारले, की तुमच्या खिशात तीन पैसे असते तर घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी तुम्ही काय आणले असते. बहुतेकांनी ऐकलेले उत्तर दिले, चिमटा. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, "नानीच्या सुईत दोरा ओवायचं यंत्र. ती रोज मला बोलवते, मी खेळायला गेलेली असते." वर्ग हसला. आम्ही हसलो नाही. ते यंत्र बाजारात पाच-दहा रुपयांना मिळते.

सूचनेवर मुख्याध्यापकांनी अजून होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही. गेल्या वर्षीच्या सरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ते घड्याळ त्यांनी नातवाच्या अभ्यासाच्या खोलीत लावले आहे. त्यांना आता अजानवर वेळ कळतो.